नऊ जानेवारीच्या आधी

रेसिफे, ११ फेब्रुवारी

निल्दो,

पाकीट उघडलंस तर आधी सोबतचा छापील कागद बघ. पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण त्या कागदावर तुझी सही हवी आहे.

तुला ताप आला तेव्हा आपल्या गावच्या आरोग्य केंद्राने तुझं रक्त इथे राज्याच्या राजधानीला पाठवलं होतं. त्यातली एक कुपी अजून आहे. मी आता ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथल्या उणे ऐंशी अंशाच्या कपाटात, तिसऱ्या खणात. कुपीवर नाव नाही, आकडा आहे. त्या तापाचा विषाणू आपल्या किनाऱ्यावर नेमका कधी आला हे आम्ही शोधतो आहोत आणि त्यासाठी जुन्या रुग्णांची रक्तं पुन्हा वाचायची आहेत. ज्याचं रक्त त्याची लेखी परवानगी लागते. ‘हो’ किंवा ‘नाही’ वर फुली मार आणि परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं आहे.

तुझा पत्ता आपल्या गावच्या वाल्दीरने दिला. सांतारेमला लाकडाच्या वखारीत त्याचा मेहुणा असतो, त्याने तुला एका मालवाहू बोटीच्या इंजिनघरात काम करताना पाहिलं. फोनही केला होता. दोनदा तू उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण ओहोटीला शिंपले वेचायला जायचं सोडत नाही. माझी मुलगी आउरेया आता नऊ वर्षांची होईल. तिला ऐकू येत नाही हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. तापाच्या त्या वर्षी आपल्या गावात जन्मलेल्या एकोणीस मुलांना येत नाही. हातांनी इतकं भराभर बोलते की माझी दमछाक होते.

कामाचं तेवढंच.

एदिलेने


रेसिफे, ६ मार्च

निल्दो,

कागद मिळाला. ‘हो’ वर फुली, खाली सही. पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा, पण दुसरं काहीच नव्हतं. नसेना. सही तीच आहे, शेवटचा ‘ओ’ उघडा राहिलेली.

आम्ही काय करतो ते तुला सांगायला हवं, कारण रक्त तुझं आहे. आठवतं का, सणाआधी नऊ दिवस नोव्हेना म्हणायला बायका आपल्या अंगणात जमायच्या आणि एकमेकींच्या वहीवरून प्रार्थना उतरवून घ्यायच्या? कुणी एक ओळ गाळली की तिच्या वहीवरून उतरवणाऱ्या सगळ्यांची ती ओळ गळायची. वह्या शेजारी ठेवून चुका पाहिल्या असत्या, तर कुणी कुणाची वही पाहून लिहिलं ते कळलं असतं. विषाणूचं असंच असतं. त्याची लिपी अकरा हजार अक्षरांची आहे. एका माणसाकडून डासात, डासातून दुसऱ्या माणसात जाताना तो स्वतःला उतरवत राहतो आणि चुकत राहतो. या विषाणूच्या वर्षाला दहा-बारा चुका टिकतात. दोन रक्तांत किती फरक पडला ते मोजलं, की ती दोन्ही ज्या एका मूळ विषाणूपासून निघाली तो किती महिन्यांपूर्वी होता हे मागे मोजत काढता येतं. सगळ्या रक्तांचं मिळून काढलं तर गावातला ताप केव्हा सुरू झाला ते हाती येतं.

बासष्ट जणांची रक्तं वाचली. तुझी कुपी नीट वाचता आली नाही, नऊ वर्षांत मजकूर बराच तुटला आहे, पुन्हा प्रयत्न करणार आहोत. पण बाकीच्यांवरून तारीख आली. तू त्या वर्षी अंगोलातल्या लुआंदाहून नऊ जानेवारीला उतरलास. ताप त्याच्या आधीच्या ऑक्टोबरातच गावात होता.

सिद्ध झालंय, निल्दो. तू आणला नव्हतास. हे तुला सांगायचं होतं.

लेने


रेसिफे, २८ मार्च

निल्दो,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सगळं खोटं नाही. ऑक्टोबर हा आकडा आला होता, पण तो मधला आकडा होता. अशा मोजणीत एक तारीख कधीच येत नसते, दोन टोकं येतात आणि खरी तारीख बहुधा त्या दोहोंमध्ये कुठेतरी असते. आमची टोकं होती तू येण्याच्या आदल्या वर्षीचा जुलै आणि तू आलास त्या वर्षीची सतरा जानेवारी. नऊ जानेवारी त्यात बसते.

मी तुला मधला आकडा लिहिला आणि कडा लिहिल्या नाहीत. आमच्या प्रमुख डॉक्टर तार्सिला आहेत, त्यांच्यासमोरही अहवालाचा मसुदा तसाच ठेवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “कडा कुठायत?”

मी म्हटलं, परिशिष्टात आहेत.

“परिशिष्ट कोण वाचतं, एदिलेने? तुला कुणाला तरी सोडवायचंय. सोडव. पण उद्या कुणी हाच कागद घेऊन त्याला परत अडकवलं तर?”

मग त्यांनी विचारलं नाही तरी मी सांगितलं, की तो माझा भाऊ आहे. त्यांनी खुर्ची ओढून बसायला लावलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांना जे सांगितलं ते तुला सांगणं जास्त गरजेचं आहे, त्यातलं निम्मं तुलाही माहीत नाही.

तापाने गेलेल्या बाबांना उचललं ती वेळ तुला आठवत असणारच. दुपारचे तीन, अंगणातली वाळू तापलेली. तू शवपेटीची पुढची डावी कडी धरली होतीस. मला सातवा महिना होता. मी दारातून सगळ्यांदेखत म्हणाले, “हात लावू नकोस. तूच आणलंयस हे.” तू कडी सोडलीस, सदऱ्याला हात पुसलेस आणि बाजूला झालास. तुझ्या जागी वाल्दीर आला. आम्ही दफनभूमीतून परतलो तेव्हा तुझी पिशवी खोलीत नव्हती.

हे तुला माहीत आहे. आता माहीत नसलेलं.

गावात ताप वाढला तेव्हा सेउ आमारो एक दिवस आरोग्य केंद्रात आला. खांबावरच्या भोंग्यावरून मासळीचे भाव आणि मयताच्या वेळा सांगणारा तोच. मी तिथे रक्त काढायच्या कामावर होते. त्याने विचारलं, पहिला आजारी कोण? नोंदवही माझ्यासमोर होती. रुग्णाचं नाव बाहेर सांगायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी सांगितलं. त्याने संध्याकाळी भोंग्यावर नाव घेतलं नाही, फक्त ‘आफ्रिकेहून आलेला आपलाच एक मुलगा’ म्हणाला. तेवढं पुरलं. त्या रात्रीपासून लोक आपल्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागले.

तू वहीत पहिला होतास, कारण तुझं रक्त पहिल्यांदा तपासायला गेलं. डॉक्टरने विचारलं, कुठून आलात? तू अंगोला म्हणालास आणि त्याने कुपी भरली. त्याआधी केंद्रात येऊन गेलेल्यांना त्याने डेंग्यू म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते.

आणखी एक. तू नऊ जानेवारीला आलास आणि तुला ताप आला एकतीस तारखेला. बावीस दिवस झाले होते. डासाचा ताप अंगात इतके दिवस लपून बसत नाही, आठ-दहा दिवसांत वर येतो. तेव्हा नवा विषाणू होता, त्याचं कुणालाच काही ठाऊक नव्हतं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. पण बोटं मोजता येत होती मला. बाबा गेले होते, आणि मला कुणीतरी हवं होतं.

डॉक्टर तार्सिलांनी अहवाल थांबवला आहे. नऊ जानेवारीच्या आधीचं एखादं रक्त मिळालं तरच टोकं जवळ येतील, म्हणतात. असं रक्त कुठे असू शकेल, याचा विचार करत आहेत.

मला माहीत आहे ते कुठे असू शकेल. उद्या सांगेन त्यांना. आज तुला लिहिते आहे.

लेने


रेसिफे, १९ एप्रिल

निल्दो,

गरोदर बायकांचं रक्त केंद्रात दर महिन्याला घेतलं जायचं, गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, तपासणीसाठी. उरलेलं फेकायचं नाही असा नियम होता, म्हणून ते खोक्यात भरून जिल्ह्याच्या शीतगृहात जायचं. मीच भरायचे. ती खोकी अजून तिथेच आहेत. त्या ऑगस्ट ते डिसेंबरमधल्या अडतीस बायका. आम्ही एकेकीच्या घरी जाऊन परवानगी घेतली. दोघी आता नाहीत, त्यांच्या आयांनी सही दिली. यादी बघताना डॉक्टर तार्सिलांचं बोट एका नावावर थांबलं.

“ही तूच ना?”

“हो.”

“देशील?”

मी सही केली. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, आणि मी तेव्हाही सांगितलं नाही. तुला सांगते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला अंगभर पुरळ आलं होतं. तीन दिवस. सांधे दुखत होते, डोळे लाल. दुसरा महिना होता. घामोळं आलं असेल, खेकडे बाधले असतील म्हटलं. पुढे गावभर लोक तसलंच पुरळ घेऊन केंद्रात यायला लागले. मी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचे आणि माझ्या ऑक्टोबरबद्दल एक शब्द बोलायचे नाही. आउरेया झाली, सहाव्या महिन्यात तिच्या कानामागे मी ताट आपटलं आणि ती हसत राहिली, तेव्हासुद्धा नाही. तू गेल्याला तोवर आठ महिने झाले होते. गावातल्या ज्या आयांना तान्ही बाळं होती त्या सगळ्या तुझं नाव घेऊन रडत होत्या. मीही त्यांच्यात बसले.

अडतीसपैकी तीन रक्तांत विषाणू सापडला. एक माझं. चौदा ऑक्टोबर. एवढ्या जुन्या रक्तात इतका स्वच्छ मजकूर सहसा मिळत नाही, गर्भारपणात विषाणू रक्तात जास्त दिवस रेंगाळतो म्हणून मिळाला.

ही तीन रक्तं घालून सगळी मोजणी पुन्हा केली. आता कडा आधी लिहिते. गावातला ताप त्याच्या आधीच्या एप्रिल ते जुलै या काळात सुरू झाला, मधला आकडा मे महिन्याचा शेवट. तू तेव्हा लुआंदात पुलाचं काम करत होतास. माझ्यातही तो पहिला नव्हता, त्याच्या आधी गावात कितीतरी जणांना होऊन गेला असणार, कुणाला कळलं नाही. कुठून आला, कुणाच्या अंगातून किंवा कुठल्या जहाजातल्या डासातून, ते आम्हाला सांगता येत नाही. कदाचित कधीच येणार नाही.

तुझी कुपीही या खेपेला वाचता आली. तुझ्या विषाणूत ऑक्टोबरच्या रक्तांतल्या चुका जशाच्या तशा आहेत, आणि वर तीन नवे बदल, जे फेब्रुवारीत बाजारगल्लीतल्या पाच जणांतही आहेत. म्हणजे तो आपल्याच गावात तयार झालेला आहे. तू धडधाकट घरी आलास. आपल्या घरी झोपलास, आईच्या हातचा मक्याचा कुसकुस खाल्लास, आणि आपल्या डासांनी तो तुला दिला.

डॉक्टर तार्सिला म्हणाल्या, आता लिही. मी लिहिलं, त्यांनी दोनदा तपासलं, पुढच्या महिन्यात छापून येईल. त्यात तुझं नाव नाही, माझंही नाही. म्हणून हे वेगळं लिहावं लागतंय, नावांसकट: बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत. आउरेयाचे कान तुझ्यामुळे गेले नाहीत. हे मला त्या दिवशी दारात उभी असताना निम्मं माहीत होतं.

माफी मागायची कशी ते कळत नाही, म्हणून आकडे लिहिले.

लेने


पोर्तो दास ओस्त्रास, ७ मे

निल्दो,

हे घरून लिहिते आहे. शनिवारी आउरेयाला घेऊन आले.

आधी सेउ आमारोकडे गेले. म्हातारा झालाय, पण भोंगा अजून त्याच्याच हातात. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे तुम्ही सांगायचं नाही, मी सांगणार. तो म्हणाला, “इतक्या वर्षांनी कशाला उकरतेस, पोरी? लोक विसरलेत.” मी विचारलं, माझ्या भावावर घातलेला आळ विसरलेत का? त्यावर त्याने खुर्चीतून उठून मला जागा दिली.

मी साधं बोलले. तापाची तारीख सांगितली. मग म्हणाले, पहिल्या आजाऱ्याचं नाव केंद्रातून मी बाहेर सांगितलं होतं, आणि त्याच्या तीन महिने आधी मी स्वतः आजारी होते. पाच मिनिटं लागली नाहीत. बाहेर आले तर मासळीवाल्या हात थांबवून बघत होत्या. फक्त झेफिन्या, जिचा त्या एकोणीसांतला मुलगा आउरेयाच्या शाळेत आहे, ती जवळ आली. मला वाटलं मारणार. म्हणाली, “मी त्याच्या दारावर चिखल फेकला होता.” आणि परत मासे चिरायला बसली.

आईने घरात बसून सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा ती शिंपले फोडत होती आणि फोडतच राहिली. मी आईला म्हटलं, माइन्या, माझं ऑक्टोबरचं ऐकलंस ना?

ती म्हणाली, “मला काय नवीन? त्या पुरळावर काजूच्या सालीचं पाणी उकळून आंघोळीला कुणी घातलं होतं तुला?”

मी तिच्यासमोर खाली बसले.

“तू आठवड्यातून दोनदा रेसिफेला शिकायला जायचीस,” ती म्हणाली. “मी तोंड उघडलं असतं तर लोकांनी तुला धरलं असतं. पोटुशी होतीस. वाटलं, तो पुरुष माणूस आहे, बाहेरच्या देशात राहून आलाय, कुठेही जगेल. तू जगली नसतीस.” मग सुरी खाली ठेवून म्हणाली, “दोघांतलं एक निवडलं मी. कुठल्या आईने करू नये ते केलं. तू तुझं भोंग्यावर बोललीस, माझं पत्रात लिही त्याला. मला लिहिता येत नाही म्हणून राहिलंय, असं समजू नको म्हणावं. येत असतं तरी धीर झाला नसता.”

तिने सांगितलं तसं लिहिलं. एक शब्द बदललेला नाही.

आउरेया दारात बसून विचारते आहे, कुणाला लिहितेस. मी मामा म्हणून सांगितलं. तिने तुझ्यासाठी खूण विचारली, कारण प्रत्येक माणसाला त्यांच्या हातांच्या बोलीत एक स्वतःची खूण असते आणि ती माणसाला पाहून ठरवतात. मी म्हटलं, माझ्याकडे नाही.

लेने


सांतारेम, ३० मे

लेने,

तुझी पाचही पत्रं मिळाली. दोन एकदम मिळाली, बोट ओबिदोसला अडकली होती. मला लिहायची सवय नाही, इंजिनाच्या वहीत तेलपाण्याच्या नोंदी तेवढ्या करतो. त्यामुळे सुचेल तसं लिहितो.

पहिली गोष्ट. तुला वाटतं मी रागावून गेलो. मी रागावलो नव्हतो. तू दारातून म्हणालीस ते मला पटलं होतं. लुआंदात आमच्या छावणीत दोघांना ताप आला होता, मी त्यांच्याच खोलीत झोपायचो. विमानात बसल्यापासून मला वाटत होतं अंगात काहीतरी आहे. बाबा पडले तेव्हा मला खात्री होती. तू बोललीस तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, कुणीतरी म्हणालं एकदाचं. नऊ वर्षं मी बाबांना मारलं असं धरून जगलो. फोन ठेवून द्यायचो तो त्याच्यासाठी. तुला आणखी काही सांगायचं असेल, कुणी आणखी गेलं असेल, असं वाटायचं.

दुसरी गोष्ट. इथे रोझिल्दा म्हणून एक बाई होती. पाच वर्षं एकत्र राहिलो. चांगली होती, मोठ्याने हसायची. तिला मूल हवं होतं. मी नको म्हणत राहिलो. माझ्या रक्तात ते अजून असेल, तिचं मूलही त्या एकोणीसांसारखं होईल, अशी भीती होती. तिला कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती मला बघून रस्त्याच्या पलीकडे गेली असती असं वाटायचं. शेवटी ती गेलीच. आता मानाउसला असते, दोन मुलं आहेत. हे तुला बोल लावायला लिहीत नाही. पण तुम्ही सगळं मोजलंत तर हेही कुठेतरी लिहिलेलं असावं.

तुझ्या चौथ्या पत्रातली तारखांची ओळ मी आमच्या कप्तानाला वाचायला दिली. तो म्हणाला, सरळ लिहिलंय, तू नव्हतास. मी म्हटलं, परत वाच. त्याने तीनदा वाचली. मग मी खाली जाऊन इंजिन सुरू केलं आणि त्या आवाजात रडलो, तिथे कुणाला ऐकू येत नाही.

तुला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. आईचंही नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. तुझं तिसरं पत्र मी फाडणार होतो. फाडलं नाही.

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला बोट दुरुस्तीला चढते, मला तीन आठवडे मोकळे आहेत. बेलेमपर्यंत बोटीने, तिथून बसने येईन. आईला आधी सांगू नकोस, ती गावभर करेल. स्टँडवर कुणी येऊ नका. मी आधी बाबांकडे जाईन. कडी वाल्दीरच्या हातात देऊन बाजूला झालो तेव्हापासून मी त्यांना काही बोललेलो नाही. तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही.

मग घरी येईन. मुलीला दारात बसव, तिला मला नीट बघता येऊ दे.

निल्दो